पावसाळ्यात भांड्यांची घासणी कोरडी ठेवा
गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सिंककडची घासणी दिवसभर ओलीच राहते. ओल्या स्पंजात अडकलेल्या अन्नकणांवर जंतू झपाट्याने वाढतात. रात्री घासणी साबणाने धुवा, घट्ट पिळा आणि खिडकीजवळ टांगा; सिंकच्या कडेला आडवी टाकली तर खालची बाजू सुकतच नाही. उकळल्याने जंतू कमी होतात, पण स्पंज नव्यासारखा होत नाही. वास येऊ लागला की सरळ फेका.

हुमणाची (गोव्याच्या माशांच्या कालवणाची) भांडी आधी गार पाण्याने विसळा, कारण गरम पाण्याने माशांतली प्रथिने चिकटून बसतात. मग साबण नि गरम पाणी. कच्चे बांगडे कापलेल्या विळीसाठी काथ्याची वेगळी घासणी हवीच. धुतलेली भांडी ओल्या फडक्याने पुसू नका, उपडी घालून निथळू द्या.