एचसीव्हीच्या प्रोटीनची कुपी सोलापुरात येण्याआधी

हेपटायटिस सी विषाणूचं (एचसीव्हीचं) रीकॉम्बिनंट, म्हणजे त्याचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं, प्रोटीन मागवायचं ठरलं की पहिला फोन डीलरला जातो, कोटेशनसाठी. तो फोन थोडा लांबवा. आधी कागदावर लिहा की या प्रोटीनने तुम्हाला काय शोधायचं आहे. या विषाणूचा आरएनए सुमारे ९६०० न्यूक्लिओटाइडांचा. त्यातून साधारण ३००० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी तयार होते आणि ती तुटून १० प्रोटीनं होतात. रक्तातली अँटीबॉडी एलायझाने पकडायची असेल (प्लेटच्या छोट्या खळग्यांत, म्हणजे विहिरींत, प्रोटीन चिकटवायचं, वर सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग घालायचा, रंग आला तर अँटीबॉडी आहे) तर या दहांपैकी कोअर, एनएस३, एनएस४ आणि एनएस५ एवढ्यांचाच विचार करा. विषाणू पेशीत कसा शिरतो हे पाहायचं असेल तर ई२ हे आवरणावरचं प्रोटीन हवं. पण ते साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रोटीन आहे, त्यामुळे सस्तन प्राण्यांच्या किंवा कीटकांच्या पेशीत बनवलेलंच घ्या, ई. कोलाय या जिवाणूमधलं नको.

पैसे दोनच प्रोटीनांपुरते असतील तर कोअर आणि एनएस३ घ्या. १९८९ साली विषाणू सापडल्यावर आलेल्या पहिल्या पिढीच्या चाचणीत एनएस४ भागातला एकच तुकडा होता, यीस्टमध्ये बनवलेला. त्या चाचणीतून बरेच बाधित सुटायचे. दुसऱ्या पिढीत कोअर आणि एनएस३ आले आणि चाचणी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली.

जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार, तोही विचारा. भारतात ३ जास्त, त्याखालोखाल १, आणि कॅटलॉगमधली बरीचशी प्रोटीनं मात्र १ची असतात. कोअरमध्ये फरक कमी पडतो. एनएस४मध्ये इतका पडतो की त्यावरून विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे अँटीबॉडीवरून ठरणारा प्रकार, ओळखतात. म्हणून ‘एनएस४ आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंतचा तुकडा आहे, हा आकडा लेखी घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच बहुतेक वेळा राहून जातं: प्रोटीन कशात बनवलं आहे आणि त्याला कोणता टॅग, म्हणजे शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून लावलेला जास्तीचा तुकडा, जोडला आहे. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. शुद्धीकरणात जिवाणूची थोडी प्रोटीनं राहिली तर प्लेटवर रंग येतो आणि एचसीव्हीशी संबंध नसलेला माणूस पॉझिटिव्ह दिसतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्याच्या नमुन्यावर असा चुकीचा शिक्का बसणं मला सहन होत नाही. म्हणून ऑर्डरमध्येच त्याच यजमान पेशीत बनवलेलं, त्याच टॅगचं पण एचसीव्हीचं नसलेलं एखादं प्रोटीन धरा. ते परवडत नसेल तर रिकामा प्लाझ्मिड (एचसीव्हीचं जनुक नसलेलं डीएनएचं वर्तुळ) घातलेला ई. कोलाय वाढवून त्याचा लायसेट करा, म्हणजे पेशी फोडून आतला अर्क घ्या. मायक्रोबायोलॉजीच्या कोणत्याही विभागात हे जमतं. प्रत्येक सीरमला एक विहीर अँटीजेनची, म्हणजे एचसीव्हीच्या प्रोटीनची, आणि शेजारी एक या कंट्रोलची. दोन्हीकडे सारखाच रंग आला तर तो निकाल धरायचा नाही.

सोबतच्या प्रमाणपत्रावर बफर वाचा. कोअर सहज विरघळत नाही, म्हणून युरिया घातलेला असू शकतो. कोटिंग बफरमध्ये (प्रोटीन प्लेटला चिकटवायच्या द्रावणात) पातळ करताना तो पुरेसा कमी होतो का, हे आधी गणित करून पाहा. एनएस३सोबत डीटीटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन असेल तर उगाच डायलिसिस करून काढू नका. ऑक्सिडेशनने या प्रोटीनची अँटीबॉडीला धरण्याची ताकद कमी होते. डीटीटी असताना प्रोटीन मोजायची बीसीए पद्धत आकडा चुकवते, तिथे ब्रॅडफर्ड ही दुसरी पद्धत वापरा.

पार्सल कधी येणार हे तुम्ही ठरवा, डीलरवर सोडू नका. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो आणि पुण्याहून येणारा डबा दुपारभर गोदामात पडला तर आतल्या जेल पॅकचं पाणी होतं. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा, पण संक्रांतीच्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस सोडून. तेव्हा होम मैदानाच्या बाजूने गाडी आत आणणं कठीण असतं. पार्सल मंगळवारी-बुधवारी पोचावं, शनिवारी नको. डीप फ्रीझर आदल्या आठवड्यापासून चालू ठेवून तापमान वहीत लिहा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज नको, तो बर्फ वितळवायला स्वतःच गरम होतो. वीज गेली तर फ्रीझर किती वेळ तग धरतो, हे कुपी येण्याआधीच तपासा.

कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, झाकणाला चिकटलेलं खाली येतं. मग वाटणी. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात दर विहिरीत १०० मायक्रोलिटर घातलं, तर ९६ विहिरींना जेमतेम १० मायक्रोग्रॅम लागतं; १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीतून दहा प्लेटी. म्हणून १०-१० मायक्रोग्रॅमच्या छोट्या नळ्या करा आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका.

पाणी आधी साठवा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे डिस्टिलेशन प्लांट ऐनवेळी कोरडा पडू शकतो. तीन टप्प्यांत पाच-पाच वेळा धुतलं तर एका प्लेटला अर्धा लिटर वॉश बफर जातं, हाताने धुताना त्याहून जास्त. बफर टिकावं म्हणून सोडियम अझाइड घालण्याचा मोह टाळा, ते रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमला निकामी करतं. रीडरमध्ये ४५० नॅनोमीटरचा फिल्टर आहे ना, तेही बघून घ्या.

सीरमसाठी एथिक्स कमिटीची मंजुरी लवकर मागा, त्यात वेळ जातो. आरएनए चाचणीने पक्के झालेले पॉझिटिव्ह, निरोगी माणसांचे निगेटिव्ह, आणि चुकून रंग येतो का हे पाहायला हेपटायटिस बी व संधिवाताच्या रुग्णांचेही थोडे नमुने जमवा. नावं नकोत, कोड टाका. रीकॉम्बिनंट प्रोटीनपासून संसर्ग होत नाही, सीरमपासून होऊ शकतो आणि हेपटायटिस सीवर लस नाही. हातमोजे, १ टक्का हायपोक्लोराइट आणि सुयांसाठी वेगळा डबा टेबलावर तयार असू द्या.

कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असेल तर त्या प्लेटवरून रुग्णाला रिपोर्ट द्यायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. शिवाय अँटीबॉडी म्हणजे चालू संसर्ग नव्हे. बऱ्याच जणांच्या शरीरातून विषाणू उपचाराशिवाय निघून जातो आणि अँटीबॉडी मागे राहते. कुणाला तपासणी हवी असेल तर सरकारी रुग्णालयात पाठवा. २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, आणि बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

पहिल्या दिवशी मौल्यवान नमुने लावू नका. एक पक्का पॉझिटिव्ह, एक पक्का निगेटिव्ह घ्या, अँटीजेन आडव्या ओळींत आणि सीरम उभ्या ओळींत पातळ करत नेऊन चेकरबोर्ड लावा. कंट्रोलच्या विहिरी त्या प्लेटवरही हव्यातच. त्यातून जे प्रमाण निघेल ते लॉट नंबरसकट वहीत लिहा. पुढची कुपी दुसऱ्या लॉटची आली की हाच चेकरबोर्ड पुन्हा लावा.