झबल्यापासून सुरुवात: बाळाचे कपडे आणि हाताने शिवलेल्या भेटी

शिवणकामाचा छंद लावून घ्यायचाय, सुरुवात कशापासून करू, असं मला बरेच जण विचारतात. हल्ली त्यात मुलगेही असतात, याचा मला मनापासून आनंद होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. ब्लाऊज नको, कुर्ता नको, बाळाचं झबलं शिवा. अर्धा मीटर कापडात काम होतं. बेतणं, टीप, गळ्याची गोलाई, काठाची पट्टी, नाडी असं शिवणकामातलं बहुतेक सगळं त्या एवढ्याशा कपड्यात हाताखालून जातं. शिवाय नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कुणाकडे तरी बारसं असतंच, त्यामुळे शिवलेलं कपाटात पडून राहत नाही.

मात्र झबलं लहान असलं तरी ते निष्काळजीपणे शिवून चालत नाही. मोठ्या माणसाला कॉलर टोचली की तो शर्ट बदलतो. बाळ नुसतं रडतं. आई दूध पाजून बघते, ढेकर काढते, लंगोट तपासते, पण मानेमागे टोचणारी शिवण कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून सवय लावते, की झालेलं झबलं दाखवायला आणताना उलटं करून आणायचं. आतली बाजू नीट असेल तरच मी बाहेरची बघते.

मशीनबद्दल थोडक्यात सांगते. घरात आजीचं किंवा आईचं काळं पायमशीन असेल, तर नवीन घेण्याच्या भानगडीत पडू नका. पट्टा बदला, तेल घाला, सुई नवी लावा. सरळ टीप घालणारं मशीन पहिलं वर्षभर सहज पुरतं, आणि पायाने चालवताना वेग आपल्या ताब्यात राहतो. गळ्याच्या छोट्या गोलाईवर याचा फार उपयोग होतो. झिगझॅगचं मशीन होजिअरीचे कपडे शिवायला लागाल तेव्हा बघू. सुयांचे नंबर मात्र लक्षात ठेवा. मलमल-वायलसारख्या तलम कापडाला ११, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. मशीन टाके सोडायला लागलं की लोक थेट मेकॅनिकला बोलावतात, पण बहुतेक वेळा सुई बोथट झालेली किंवा चुकीच्या बाजूने बसवलेली असते. आधी सुई बदलून बघा.

कात्र्या दोन ठेवा आणि कापडाची कात्री कागदाला लावू नका. आणखी एक सवय सक्तीची समजा: टाचण्या मोजून काढायच्या आणि काम संपल्यावर मोजून डबीत परत ठेवायच्या. बाळाच्या कपड्यात एकही टाचणी राहून चालत नाही. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत झबलं घराबाहेर जात नाही.

आता कापड. तान्ह्या बाळासाठी मलमल, वायल किंवा मऊ कॅम्ब्रिक, थंडीसाठी सुती फ्लॅनेल. आपल्याकडे बाळाला पहिलं झबलं जुन्या धोतराचं किंवा आजीच्या सुती लुगड्याचं शिवायची पद्धत आहे आणि ती अगदी शहाणपणाची आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडातली खळ, जादा रंग निघून गेलेला असतो, आणि ते नव्या कापडापेक्षा कितीतरी मऊ असतं. फक्त विरलेला भाग टाळा. कापड उजेडाकडे धरलं की तो लगेच दिसतो.

नवं कापड घ्यायचं तर पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट. दुकानात कटपीसचा ढीग असेल तर तिथे वेळ घालवा, कारण झबल्याला लागणारा अर्धा-पाऊण मीटर तिथे चांगल्या कापडाचाही स्वस्तात मिळतो. दुकानदार सुती म्हणाला तरी घरी येऊन दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर धागा वितळतो आणि टोकाला कडक गोळी होते. गोळी झाली तर त्या कापडाची पिशवी शिवा, झबलं नको.

कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आखडतं, आणि बाळाच्या कपड्यात तेवढ्याने माप बदलतं. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. संक्रांतीच्या काळ्या कापडाला ही परीक्षा हवीच हवी, कारण बाळ कपड्याचं टोक तोंडात घालणारच.

बेतायला शिकण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे घरातलं एखादं जुनं, अंगाला बरोबर बसणारं झबलं उसवणं. टाके एकेक करून कापा, तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि माया, म्हणजे शिवणीसाठी काठाला सोडलेलं जादा कापड, कुठे किती सोडली आहे ते लिहून काढा. कुठल्या तयार पॅटर्नपेक्षा यातून जास्त समजतं. वर्ग लावायचाच असेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, अनेक जिल्ह्यांतल्या जन शिक्षण संस्थानांतही शिवण शिकवतात. छंदापुरतं हवं असेल तर गल्लीतल्या शिवणाऱ्या ताईंकडे दुपारी दोन तास बसायची परवानगी मागा. त्या बेतत असताना नुसतं बघितलं तरी पुष्कळ मिळतं.

नवशिके अडतात ते गळ्यापाशी. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा घेर त्याहून सुमारे दोन सेंटिमीटरने कमी. वर्षाचं होईपर्यंत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. म्हणजे अंगाला बसेल असा नेटका गोल गळा कापलात, तर तो डोक्यातून जायचाच नाही, आणि डोकं जाईल एवढा मोठा ठेवलात तर झबलं खांद्यावरून घसरेल. यावर कुणी पाठ पूर्ण उघडी ठेवून नाड्या लावतं, कुणी खांद्यावर टिचबटणं लावतं. मला स्वतःला अंगरख्यासारखं, पुढून एकावर एक येणारं आणि बगलेखाली बांधायचं झबलं सगळ्यात आवडतं. निजलेल्या बाळाखाली ते पसरायचं, हात घालायचे, बांधायचं. डोक्यावरून काही ओढावं लागत नाही, नाळेच्या जागी दाब येत नाही आणि पाठीखाली गाठ टोचत नाही. बारशाआधीच्या दिवसांत, मान धरत नसलेल्या बाळाला कपडे घालताना नव्या आईचे हात थरथरतात. तिला याचा किती आधार वाटतो ते मी पाहिलेलं आहे.

माप म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी खांद्यापासून खाली ३२ सेंटिमीटर लांबी आणि बगलेपाशी एका बाजूची रुंदी २५ सेंटिमीटर ठेवते. यात माया धरलेली नाही. ती सगळीकडे १.२ सेंटिमीटर सोडते, कारण खांदा आणि बगल मी फ्रेंच शिवणीने जोडते.

ही शिवण नीट शिकून घ्या. नेहमी आपण कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवतो. इथे आधी उलट बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि काठापासून ५ मिलिमीटरवर टीप मारायची. मग उरलेला काठ ३ मिलिमीटरपर्यंत छाटायचा. सुटलेला एकेक धागा इथेच कापून टाका, नाहीतर तो नंतर बाहेर डोकावतो. शिवण नखाने दाबून उघडा, कापड उलटवा म्हणजे सुलट बाजू समोरासमोर येतील, इस्त्री फिरवा आणि काठापासून ७ मिलिमीटरवर दुसरी टीप मारा. पहिला काठ आत बंद होतो. आता झबलं उलटं केलं तरी धाग्यांच्या दशा दिसत नाहीत आणि कितीही धुतलं तरी उसवत नाही. अगदी पहिल्या महिन्यासाठी तर मी कधी कधी शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेते आणि तिच्यावर रंगीत पट्टी बसवते. बाहेरून ती नक्षीसारखी दिसते, आणि बाळाच्या कातडीला लागायला आत काही उरतच नाही.

गळ्याला उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याशी ४५ अंशांत तिरकी कापलेली, तीन सेंटिमीटर रुंदीची. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर बसत नाही, चुण्या पडतात. गळ्याच्या आतल्या वळणावर पट्टी किंचित ओढून धरा, म्हणजे ती सपाट बसते. पट्टीची दुसरी कड मी मशीनवर न मारता हाताने बारीक टाक्यांनी घालते. वेळ लागतो, पण मानेला लागणारा भाग तोच आहे.

नाड्या आखूड ठेवा, गाठ मारण्यापुरत्या, आणि गळ्यापाशी नाडी अजिबात नको. युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी ईएन १४६८२ नावाचं मानक आहे. त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्यापाशी किंवा कपड्यालाच जोडलेल्या टोपीला नाडी चालत नाही, कारण अशा नाड्या अडकून मुलांचे गळे आवळले गेले आहेत. आपल्या टोपड्यांना आणि कुंचीला हनुवटीखाली बांधायचे बंद असतात. मी टोपडं मागे चुण्या घालून आणि काठाला होजिअरीची मऊ पट्टी लावून बसतं करते. कुंचीचं रूप मला फार प्रिय आहे, खणाची, जरीचे काठ लावलेली. ती शिवतेच, पण मलमलीचं अस्तर लावून, पुढे टिचबटण लावून, आणि देताना सांगते की समारंभापुरती घाला, झोपवताना काढा.

मणी, आरसे, लोंबते घुंगरू हे बाळाच्या कपड्यावर लावू नका. खेळण्यांच्या सुरक्षेत एक माप वापरतात: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळीत जी वस्तू मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. बहुतेक बटणं त्यात मावतात. म्हणून कापडी हत्ती-ससे शिवताना डोळे बटणांचे करू नका, भरतकामाचे करा. बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यावरही पांढऱ्या दोऱ्याची चांदण्यांची नक्षी फार सुंदर दिसते, हलव्याचे दागिने वेगळे असतातच.

भेट द्यायची तर माप कसं ठरवायचं? पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण ५० वरून ७५ सेंटिमीटरवर जाते आणि वजन तिप्पट होतं. बारशाला सगळे नवजात मापाचेच कपडे आणतात, आणि त्यातले निम्मे एकदाही अंगावर चढत नाहीत. तुम्ही सहा महिन्यांचं माप शिवा आणि तेव्हा ऋतू कोणता असेल ते मोजा. जूनमध्ये बारसं असेल तर सहा महिन्यांचं बाळ डिसेंबरच्या थंडीत असणार, म्हणून पूर्ण बाह्यांचं फ्लॅनेल. डिसेंबरातल्या बारशाला बिनबाह्यांची मलमलीची दोन झबली. एवढा विचार केलेली भेट रोज वापरात येते. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कापड कोणतं, माप किती महिन्यांचं, आणि आधी धुतलेलं आहे की नाही.

झबली हाताला बसली की दुपटी, मग लहान गोधडी. आजीच्या दोन सुती साड्या, मध्ये एक जुनी चादर, कडेने मोठे टाके घालून थर पक्के करायचे आणि मग धावदोरा. संध्याकाळी बसल्या बसल्या होणारं हे काम मला मशीनपेक्षाही जास्त शांतवतं. एक गोष्ट मात्र देताना स्पष्ट सांगा: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाळण्यात सुटी गोधडी, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. गोधडी जमिनीवर अंथरून पालथं पडायला, रांगायला उत्तम. मोहरीची उशी शिवून द्या असा आग्रह घरोघरी होतो. ती मी शिवत नाही आणि का नाही ते प्रेमाने समजावून सांगते.

पुढेमागे कुणी म्हणेलच, पैसे घ्या पण आम्हालाही शिवून द्या. पहिल्या वर्षात शक्यतो नाही म्हणा, कारण तारखेच्या ओझ्याखाली आतली बाजू उरकली जाते. नंतर विकायचं ठरवलंत तर कापडी खेळण्यांबाबत सावध राहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि मऊ कापडी खेळणीही त्यात येतात. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. कपडे या नियमात येत नाहीत, त्यामुळे विक्रीची सुरुवातही झबल्या-टोपड्यांपासूनच केलेली बरी.