सुचण्याआधीची बारा मिनिटं

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढणं हे माझं काम. सत्तावीस वर्षं झाली. आधी कागदावर काढायचे, आता कॉम्प्युटरवर काढते, पण चौकोन तेच. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे भेटतो ती एक जागा. या ग्राफवरून जेकॉर्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं ठोकली जातात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि कुठला उभा धागा वर उचलायचा ते कार्डातली भोकं ठरवतात. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेत तुटकी रेघ येते, आणि मग ती प्रत्येक चादरीवर उमटत राहते.

माझ्याकडे एक पोरगा शिकायला येतो. मधेच पेन्सिल ठेवतो आणि म्हणतो, “अक्का, काहीच सुचंना झालंय बघा.” सुचण्यासाठी रोज बारा मिनिटं ध्यानाला कसं बसायचं हे त्याला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. तुम्ही कविता लिहीत असा, चाल बांधत असा की शाळेत शिकवत असा, पद्धत हीच चालेल.

पहिलं म्हणजे, रिकाम्या डोक्याने ध्यानाला बसून काही सुचत नाही. आधी भरून घ्यायला लागतं. ग्रॅहम वॉलास नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली सुचण्याचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजेड पडणं आणि पडताळणी. लोकांना तिसरा हवा असतो, बाकीच्या तिघांचा कंटाळा येतो. मी नवी नक्षी घेते तेव्हा आठ-दहा दिवस फक्त बघते. जुन्या चादरी उलट्या करून मागची बाजू बघते, कारण धागे कुठून कुठे गेलेत ते मागे कळतं. देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम बघते, लग्नातल्या रांगोळ्या बघते. वहीत वीसेक वाईट चित्रं काढते. ती वाईट असणारच, काढायची. मुरायला आत काहीतरी घातलेलं असावं लागतं.

मग रोजची बारा मिनिटं. ही मी कुणा पुस्तकातून घेतली नाहीत. माझ्या वडिलांकडे, आमच्या घरात नान्ना म्हणतात, चार यंत्रमाग होते. चारही मागांचा खडाक-खट आवाज इतका की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. तरी नान्ना पाठमोरे उभे असताना एकदम वळायचे आणि नेमक्या तिसऱ्या मागापाशी जायचे. धागा तुटलेला असायचा. मी विचारलं, कळलं कसं? म्हणाले, “आवाज बदलला की.” ते काही ताण देऊन ऐकत नव्हते. ते ऐकण्यातच होते. वर्तमानात असणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं, शब्द खूप नंतर मिळाला. म्हणून मी सुरुवात कानांपासून करायला सांगते.

पहाटे पाचच्या सुमारास, आमच्या गल्लीतले माग चालू व्हायच्या आत बसते. भिंतीला पाठ टेकली तरी हरकत नाही, फक्त पेंगुळणार नाही इतकं ताठ. पहिली चार मिनिटं फक्त आवाज. लांबून येणारी एस.टी., नळाचं ठिबकणं, शेजारच्या अव्वांची झाडू. आवाजाला नाव द्यायचं नाही, चांगला-वाईट म्हणायचं नाही, येऊ द्यायचा आणि जाऊ द्यायचा. दोन आवाजांच्या मधली शांतता ऐकू येऊ लागली की पुढे जायचं. नंतरची सहा मिनिटं श्वास. नाकपुड्यांच्या टोकाशी येणारा गार आणि जाणारा कोमट. श्वास लांबवायचा नाही, धरून ठेवायचा नाही, जसा आहे तसा. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही दहा दिवसांतले पहिले तीन दिवस याच कामाला असतात. शेवटची दोन मिनिटं काहीच करायचं नाही. डोळे मिटलेले, लक्ष मोकळं सोडलेलं.

विचार येतील. बँकेचा हप्ता येईल, नणंदेचं बोलणं येईल. आले की मनात “विचार” एवढंच म्हणायचं आणि श्वासावर परत यायचं. बारा मिनिटांत चाळीस वेळा गेलात आणि चाळीस वेळा परत आलात तर तुमचा चाळीस वेळा सराव झाला. परत येणं हाच व्यायाम आहे.

पतंजलींनी ध्यानाची व्याख्या “तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्” अशी केली आहे. एकाच प्रत्ययाची, म्हणजे मनातल्या एकाच जाणिवेची, एकतानता. माझ्यासारखीला हा शब्द फार जवळचा, कारण “तान” आणि “तंतू” एकाच “तन्” धातूतून आले, ताणणे, पसरणे. आपला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तिथलाच. मागावर उभे धागे सारख्या ताणात असले तरच वीण बसते. एक सैल, एक घट्ट झाला की कापड सुरकुततं. श्वासावर बसताना मला हाच ताण सापडवायचा असतो. फार घट्ट धरलं की कपाळ दुखतं, फार सोडलं की झोप.

कुणाला यात वेगळे अनुभव येतात. शरीराचा भार नाहीसा होतो, वेळ थांबल्यासारखी वाटते, अंगभर मंद आनंद पसरतो. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न, सुषुप्ती या तीन अवस्थांच्या पलीकडची चौथी, तुरीय, सांगतं. मी तिथे पोहोचले असं म्हणणार नाही. पण ध्यानात एखादी सकाळ अशी येते की “मी” हा शब्द बराच वेळ लागतच नाही, आणि उठल्यावर भिंतीवरची भेगही नवी दिसते. असं झालं तर आनंदाने होऊ द्यावं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे लागू नये. कालचा अनुभव परत मागणं म्हणजे आजच्या सकाळीतून निघून जाणं.

एक मात्र जपून. ज्यांना मानसिक आजारावर औषधं चालू आहेत, किंवा डोळे मिटले की जुना धक्का अंगावर येतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून, डोळे उघडे ठेवून, थोडा वेळच करावं. घाबरायला झालं तर उठून थंड पाण्याने तोंड धुवावं, पायाखालची फरशी चाचपावी. हट्टाने बसून राहण्याची ही गोष्ट नाही.

आपल्या सिद्धेश्वरांची, म्हणजे सिद्धरामांची, गोष्ट इथे आठवते. बाराव्या शतकात सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदायला घेतलं. शून्यसंपादने या शरणांच्या जुन्या कन्नड ग्रंथात येतं की संत अल्लमप्रभू आले, बाहेरच्या खोदकामातच गुंतल्याबद्दल त्यांनी सिद्धरामांना टोकलं आणि कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, घेऊन गेले. सकाळी तळ्याकाठी उभी राहते तेव्हा मला वाटतं, दोन्ही खरं आहे. हाताचं काम हवं आणि आत वळणंही हवं. शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरच्या संतांनी, कामालाच कायक म्हणून साधनेचा मान दिला तो उगाच नाही.

आता सुचण्याची खरी वेळ. ती ध्यानात क्वचित येते. ती येते त्यानंतर, हात काहीतरी साधं करत असतात तेव्हा. गेल्या वर्षी मला एका चादरीच्या काठासाठी दोन महिने काही सापडत नव्हतं. मोर झाले, वेली झाल्या, सगळं पाहिलेलंच वाटत होतं. एका सकाळी बारा मिनिटं झाली आणि मी भाकरी करायला बसले. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळलं, गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागले. ध्यानातलं लक्ष अजून हातात होतं. तळव्याखाली पीठ पसरत होतं, परात फिरत होती, थप-थप आवाज एका लयीत चालला होता. कड पातळ करताना बोटांचे ठसे काठावर उमटत गेले. अर्धगोल, एकाला लागून एक, प्रत्येक किंचित पुढच्यावर चढलेला. रोज बघते ते ठसे. त्या दिवशी दिसले. भाकरी तव्यावर टाकण्याआधी पिठाच्या हातानेच वहीत पाच अर्धगोल काढले. पहिल्या भाकरीला उशीर झाला, घरच्यांनी काही म्हटलं नाही.

म्हणून वही आणि पेन्सिल स्वयंपाकघरात, न्हाणीघराबाहेर, उशाशी, तिन्ही ठिकाणी ठेवा. मोबाइल नको. मोबाइल उचलला की चार मेसेज आधी दिसतात आणि तोवर धागा निसटतो. सुचलेलं पूर्ण वाक्यात लिहायच्या नादाला लागू नका. दोन रेघा, एक शब्द, एवढ्यावर ते नंतर परत येतं.

पडताळणी मात्र दिवसा, जाग्या डोक्याने. माझ्या काठाचा एक अर्धगोल पहिल्यांदा २२ चौकोनांचा झाला होता, आणि आमचा जेकॉर्ड २४० हुकांचा; हुक म्हणजे उभा धागा उचलणारा आकडा. २२ ने २४० ला भाग जात नाही, म्हणजे एका टोकाला अर्धगोल तुटणार. २० केले तर ठसे चिमटलेले वाटले. २४ केले तेव्हा दहा अर्धगोल बरोबर बसले आणि एकमेकांवर चढायलाही जागा मिळाली. हे मोजायला मला तीन दिवस लागले. त्यात कुठे काही दिव्य नव्हतं, पण तेही मला तितकंच प्रिय आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने कामात बुडून जाण्याच्या ज्या अटी सांगितल्या, ध्येय स्पष्ट असणं, चुकलं-बरोबर लगेच कळणं, काम आपल्या कसबाला जेमतेम पेलेल इतकंच अवघड असणं, त्या ग्राफच्या कागदावर तिन्ही सापडतात. दुपारचे दोन कधी वाजले ते कळत नाही.

काही सकाळी काहीच होत नाही. श्वास कोरडा, मन पळतं, वहीत रेघ नाही. त्या दिवशी मी पोराला जुने ग्राफ तपासायला देते आणि स्वतः समास आखते, रंगांच्या नावांची यादी करते, तुटकी पेन्सिल तासते. आठ वाजता समोरच्या कारखान्यात माग सुरू होतात. मी खिडकी उघडीच ठेवते आणि आवाज बदलतोय का ते ऐकत कामाला लागते.