सागरी संस्थेचं जुनं सदस्यत्व प्रमाणपत्र हाती आलंय? फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी या चुका टाळा

वर जहाजं आणि बंदराचं कोरीव चित्र, मधे हाताने भरलेलं कप्तानाचं नाव, खाली पदाधिकाऱ्यांच्या सह्या. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मरीन सोसायट्यांची अशी प्रमाणपत्रं आजही लिलावात आणि घरगुती सामानाच्या विक्रीत निघतात. बॉस्टनची संस्था १७४२ची, सेलमची १७६६ची. कप्तानांनी वर्गणी काढून चालवलेल्या या संस्था संकटातल्या सभासदाला आणि त्याच्या मागे राहिलेल्या बायकामुलांना मदत करत. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही असा एखादा कागद स्वस्तात मिळून जातो, आणि मग पुढच्या आठवडाभरात हौसेपायी त्याचं जे काही होतं ते दोनशे वर्षांत झालेलं नसतं.

बहुतेक चुकांचं मूळ एकच. लोक त्याला भिंतीवरचं चित्र समजतात, पण ते कागदपत्र आहे. चित्र कोरलेल्या धातूच्या एका पत्र्यावरून शेकडो प्रती छापून निघतात. त्यातलं हस्ताक्षरातलं नाव, तारीख आणि सह्या मात्र त्या एकाच कागदावर असतात.

नाव वाचून भलतीच संस्था समजणं

‘सेलम ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ हे शब्द दिसले की आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात लगेच कंपनी सरकार येतं. विकणारेही ‘ईस्ट इंडिया कंपनीचा दस्तऐवज’ म्हणून भाव चढवतात. ही संस्था १७९९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या अमेरिकन दर्यावर्दींनी काढली. ब्रिटिश कंपनीशी तिचा काही संबंध नाही. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नच्या पलीकडे कप्तान म्हणून किंवा जहाजावरच्या मालाचा मुखत्यार म्हणून गेलेल्यालाच तिथे प्रवेश होता. मुंबईशी तिचं नातं आहे, पण वेगळ्या वाटेने: सेलमची जहाजं इथे व्यापाराला येत, आणि १८०३मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणकजी वाडिया यांनी संस्थेच्या संग्रहालयासाठी आपला पोशाख भेट दिला. त्या संग्रहाचा वारसा आज सेलमच्या पीबॉडी एसेक्स म्युझियमकडे आहे.

उलट बाजूचा घोळ लंडनच्या मरीन सोसायटीचा. ती १७५६ची, गरीब मुलांना नौदलात पाठवणारी धर्मादाय संस्था. तिचा कागद कप्तानांच्या मंडळाचा म्हणून घेऊ नका.

छापलेलं साल हेच कागदाचं वय धरणं

ठळक अक्षरांत कोरलेलं साल बहुधा संस्थेच्या स्थापनेचं असतं. एकच पत्रा वर्षानुवर्षं वापरला जाई, त्यामुळे १७९९ छापलेला कागद १८३०चाही असू शकतो. खरी तारीख शाईने भरलेल्या जागेत शोधा.

कागदही थोडं सांगतो. उजेडासमोर धरल्यावर समांतर रेघांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीने जाळीच्या साच्यावर काढलेला. मात्र जाळी नाही म्हणून कागद नवा, असं नव्हे. गुळगुळीत विणीचा कागद इंग्लंडमध्ये १७५७पासून वापरात आहे. अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा चमकला तर सावध व्हा. तसली उजळवणारी रसायनं कागदात आली ती साधारण १९५० नंतर.

छपाई न तपासता पैसे मोजणं

दहापट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं, घेऊन टाका. चित्र एकसारख्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांच्या जाळीचं बनलेलं दिसलं तर ती आधुनिक नक्कल, विषय तिथेच संपला. कोरीव छपाईत रेषा अखंड असतात, शाई किंचित उंचावलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची आयताकृती खळी उमटलेली असते. ती पाहायला खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च कागदाच्या बाजूने, जवळजवळ आडवा धरा.

ही खळी म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे. जुन्या पत्र्यावरून नंतरही छापता येतं, आणि तेव्हा बारीक रेषा झिजून फिकट येतात.

नाव मोठं म्हणून भुलणं

खरा धोका नकली चित्राचा नसून अस्सल कोऱ्या कागदाचा आहे. न भरलेली प्रमाणपत्रं शिल्लक राहत. चित्र अस्सल, कागद अस्सल, आणि त्यात कोणीतरी परवा भरलेलं नाव. सेलमचा नॅथॅनिअल बाउडिच हा प्रसिद्ध नौकानयनतज्ज्ञ या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीचा सभासद होता आणि पुढे अध्यक्षही झाला. असं नाव दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. तो जरा आवरा आणि घडीची रेघ पाहा.

कागद आधी लिहिला आणि मग दुमडला, तर घडीवर शाई झिजते, तुटते. आधी दुमडलेल्या कागदावर नंतर लिहिलं, तर शाई मोडलेल्या तंतूंत शिरून घडीच्या कडेने पसरते. जुनेपणाने पडलेल्या तपकिरी डागांवरही तसंच. तिथली खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा कागदावरचा लेप, गेलेली असते, त्यामुळे नंतर ओढलेली रेघ त्या जागी फुटते. ही खूण भिंगातून सहज दिसते, आणि विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदोपत्री हमीपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. त्याशिवाय संस्थेच्या सभासद-नोंदी पाहाव्यात. नाव आणि प्रवेशाचं साल जुळलं पाहिजे.

फ्रेमवाल्याला मोकळीक देणं

फ्रेमवाला वाईट माणूस नसतो. त्याला कडा सरळ हव्या असतात. म्हणून तो समास कापतो. नेमक्या त्या समासात, चित्राच्या खाली, बारीक अक्षरांत चित्रकाराचं आणि कोरणाऱ्याचं नाव असतं. ते गेलं की कागदाची अर्धी ओळख गेली. त्याला स्पष्ट सांगा: कापायचं नाही, गोंद नाही, प्लायवूड नाही, काच कागदाला टेकायची नाही. माउंट, म्हणजे कागदाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित बोर्डाचीच हवी. साधा बोर्ड काही वर्षांत त्या चौकटीच्या आतल्या कडेने कागदावर तपकिरी पट्टा उमटवतो.

लॅमिनेशनबद्दल एकच शब्द: नको.

मागच्या बाजूची पेन्सिलची टिपणं खोडू नका. कागद कोणाकडून कोणाकडे गेला, याचा तोच एक धागा असतो.

स्वच्छ करायला जाणं

काळी-तपकिरी शाई बहुधा मायफळ आणि हिराकस यांची. ती मुळातच आम्लधर्मी, आणि पाणी लागलं की त्यातली लोहद्रव्यं आजूबाजूच्या कागदात उतरतात. ओला कापूस फिरवलात की आधी अक्षराभोवती पिवळी धार येते, पुढे त्या जागी कागद ठिसूळ होऊन अक्षरच गळून पडतं. कागद ‘पांढरा’ करण्याचं ब्लीच तर सह्यांचा थेट खून आहे. आणि सेलोटेपने फाट जोडू नका. टेप सुटते, तिचा पिवळा चिकट डाग राहतो.

बिघाड आधीच झालेला असेल तर

गुंडाळी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका, भेगा पडतील. बंद डब्यात हळूहळू दमटपणा देऊन ती सैल करतात, पण शाईची अक्षरं असताना ते काम जाणकाराचं. चामड्यावरचं प्रमाणपत्र असेल तर उष्णता अजिबात नको, ते आक्रसतं.

काचेला चिकटलं असेल तर सोलू नका. काचेसकट तसंच न्या.

बुरशीचा वास येत असेल तर इतर कागदांपासून लगेच वेगळं करा, कोरड्या हवेशीर जागी ठेवा, उन्हात टाकू नका. बुरशी पूर्ण वाळल्यावरच, मास्क लावून, मऊ ब्रशने घराबाहेर झटका, तेही अक्षरं टाळून. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात बाहेरच्या भिंतीवर असा कागद लावणं म्हणजे पावसाळ्यात बुरशीला आणि कसरीला आमंत्रण. आतली भिंत, अप्रत्यक्ष उजेड, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. किंवा सरळ आम्लरहित फोल्डरमध्ये आडवं ठेवा आणि भिंतीवर चांगला स्कॅन लावा. मला विचाराल तर हाच उत्तम मार्ग, पण पाहुण्यांना अस्सल दाखवायची हौस कोणाला आवरते!

दुरुस्ती करायचीच असेल तर जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने, म्हणजे पुढे उलटवता येईल अशी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. विचारणा तिथून सुरू करता येईल.

भारतात आणून मग परदेशी विकण्याचा बेत

१९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मूल्य असलेली कागदपत्रं ७५ वर्षांनंतर पुरावशेष ठरतात, आणि खासगी माणसाला त्यांची निर्यात करता येत नाही. पुढे तिकडच्या लिलावात घालायचा विचार असेल तर कागद इथे आणण्याआधीच वकिलाशी बोला, आणि खरेदीची पावती कागदापासून वेगळी, जपून ठेवा.