दरवाज्याचा पॅड खोलण्याआधी आणि खोलल्यावर

गाडीच्या दरवाज्याची काच बटणाने वर जात नाही, एकाच दरवाज्याला सेंट्रल लॉक लागत नाही, किंवा दरवाजा अर्धवट उघडा असताना वाजणारा स्पीकर दरवाजा मिटला की गप्प होतो, अशी तक्रार आली की गॅरेजमध्ये पहिला संशय मोटरवर किंवा स्पीकरवर घेतला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा दरवाजा आणि बिजागरीकडचा खांब यांना जोडणाऱ्या रबरी नळीत सापडतो. दरवाजा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा या नळीतल्या वायरी वाकतात, आणि चालकाचा दरवाजा सर्वांत जास्त उघडला जातो. त्यात मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहिली, तर वायरीवरचे आवरण कडक होत जाते आणि आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. म्हणून पॅड, म्हणजे दरवाज्याचे आतल्या बाजूचे आवरण, काढण्याआधीच ही नळी खांबाकडून हलकेच सोडवून मागे सरकवावी आणि प्रत्येक वायर दोन बोटांत धरून जरा ताणून पाहावी. आवरण शाबूत दिसते, पण ओढताच वायर रबरासारखी लांबते, तेव्हा आतले तांबे तुटलेले असते.

याच टप्प्यावर फ्यूज पाहावा. चालकाजवळच्या बटणांमध्ये इतर दरवाज्यांच्या काचांची बटणे निकामी करणारे एक बटण असते, तेही पाहावे. मी एकदा सकाळचे दोन तास घालवून मागच्या दरवाज्याचा पॅड उतरवला होता. घरातल्या मुलाने ते बटण दाबून ठेवले होते, एवढाच तो बिघाड.

पॅड काढायचाच असेल तर मे महिन्यातली दुपार टाळावी. तापलेले प्लास्टिक मऊ पडून वाकडे होते आणि पत्रा हाताला चटके देतो. लिंबाच्या सावलीत सकाळी काम सुरू करावे. स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना, प्लास्टिकची पट्टी, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) आणि सुटे स्क्रू ठेवायला एक वाटी एवढे पुरते. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तेव्हा हातमोजे घालावेत. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, आणि गाडीत एअरबॅग असतील तर त्यानंतर किमान दहा मिनिटे थांबावे.

स्क्रू दिसतात त्यापेक्षा लपलेले जास्त असतात. आतून दरवाजा उघडण्याच्या हँडलमागे, दरवाजा ओढण्याच्या खोबणीच्या तळाशी, छोट्या गोल टोपणाखाली आणि पॅडच्या खालच्या कडेला हात फिरवून पाहावे. आरशाच्या मागचा त्रिकोणी तुकडा बहुधा नुसता दाबून बसवलेला असतो. हाताने फिरवायची काच असेल तर फिरकीच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. फिरकी आणि पॅड यांच्यामध्ये फडक्याची पट्टी घालून ती दोन्ही बाजूंनी मागेपुढे घासली की क्लिप निसटते. ती दूर उडते, म्हणून दुसरा हात आडवा धरावा.

यानंतर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी सरकवावी आणि क्लिप जिथे आहे तिच्या अगदी जवळ जोर लावावा. दूरवर ओढल्यास क्लिप तशीच राहते आणि पॅडमधली तिची बैठक फाटते. जुन्या गाडीत दोनचार क्लिपा मोडणारच, त्या आधीच आणून ठेवाव्यात. तिन्ही बाजू सुटल्या की पॅड खेचू नये. त्याची वरची कड काचेच्या खोबणीत अडकलेली असते, तेव्हा तो सरळ वर उचलावा, आणि उचलतानाच मागे हात घालून हँडलची केबल व बटणांचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग, सोडवावेत. कपलर वायर धरून ओढू नये, त्याची जीभ दाबून काढावा.

आत चिकट काळ्या पट्टीने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो ओरबाडून काढला की पावसाळ्यात दरवाज्यातले पाणी पायाखाली येते. लागेल तेवढाच कोपरा सावकाश सोलावा.

आता वायरिंग. चालू प्रवाह तपासण्यासाठी बॅटरी आणि बटणांचे कपलर पुन्हा जोडावे लागतात. पण पिवळ्या आवरणाचे, म्हणजे एअरबॅगशी संबंधित, कपलर सुटे असताना चावी फिरवू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, लागतो. काचेच्या मोटरला दोन वायरी असतात. बटण वर दाबले की एकीवर धन आणि दुसरीवर ऋण येते, खाली दाबले की उलट. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोटरपासून सोडवलेल्या कपलरमध्ये टोके लावावीत. बटण दाबल्यावर १२ च्या आसपास आकडा आला आणि दुसऱ्या बाजूला दाबल्यावर त्याच्यापुढे उणे चिन्ह आले, तर बटणापर्यंत सर्व ठीक वाटते. वाटते असे म्हणण्याचे कारण हे की वायरीचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून मोटर जोडलेली ठेवून, कपलरच्या मागून टोके टेकवून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा सहासातवर घसरला तर दोष वायरीत किंवा बटणाच्या संपर्कात आहे. तो बारावर टिकला आणि तरी मोटर हलत नसेल, तरच मोटरकडे वळावे. अनेक गाड्यांत इतर काचांचा प्रवाह चालकाच्या बटणांतून फिरून जातो, त्यामुळे डाव्या काचेचा बिघाड उजव्या दरवाज्याच्या नळीतही असू शकतो.

तुटलेली वायर शोधण्यासाठी बॅटरी पुन्हा सोडवून, वायरीच्या दोन टोकांना मीटर लावून, वायर अखंड असताना वाजणारा त्याचा बझर ऐकावा आणि त्याच वेळी कुणाला तरी दरवाजा हळूहळू उघड-मीट करायला सांगावे. बझर मध्येच तुटला की जागा सापडली.

जोड देताना तो वाकणाऱ्या भागात ठेवू नये. त्याच जाडीच्या, बारीक तंतूंच्या तांब्याच्या वायरीचा लांब तुकडा घालून एक जोड दरवाज्याच्या आत व दुसरा खांबाच्या आत न्यावा, आणि अनेक वायरी असतील तर जोड मागेपुढे ठेवावेत. वर हीट-श्रिंक, म्हणजे उष्णतेने आकसून घट्ट बसणारी, नळी चढवावी. काळ्या चिकटपट्टीचा गोंद आपल्याकडच्या उन्हात पाघळतो आणि पट्टी सुटते. सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेले आवरणही याच वेळी पाहून घ्यावे.

पॅड परत दाबण्याआधी दरवाज्याच्या तळाची पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. काळ्या रानातल्या रस्त्यांची माती त्यांत घट्ट बसते. कागद नीट चिकटवून काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे, ते तळातून बाहेर पडले पाहिजे. मग सर्व कपलर लावून काच, लॉक, स्पीकर आणि आरसा चालवून पाहावा, पॅड आधी वरच्या खोबणीत अडकवावा आणि तळहाताने एकेक क्लिप दाबत खाली यावे.