घरातल्या सायकल शर्यतीत आडोसा कसा धरायचा

जून लागला की पाम बीच रोडवरची आमची पहाटेची रपेट बंद पडते आणि सायकल नेरुळच्या हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, चढते. समोर लॅपटॉप, बाजूला टेबलफॅन, खाली जाड रबरी मॅट, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप सावध आहे. झ्विफ्ट या ॲपवर पडद्यावरच्या रस्त्यांवर इतरांशी शर्यत लावता येते. तिथल्या पहिल्या शर्यतीत मी दहा मिनिटांत एकटा पडलो. कारण ॲपमधली सायकल निवडतानाच चुकलो होतो.

म्हणून सुरुवात तिथूनच. यादीत टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची, सायकल सगळ्यात वेगवान दिसते, पण नेहमीच्या शर्यतीत तिला ड्राफ्ट, म्हणजे पुढच्याच्या मागे वाऱ्याचा मिळणारा आडोसा, मिळतच नाही. साधी रोड बाइक घ्या. पडद्यावरचा वारा खोटा, पण हिशेब खऱ्या हवेचाच आहे: सपाटीवर वेग 10 टक्के वाढवायचा तर हवेशी झगडायला सुमारे 33 टक्के जास्त ताकद लागते. एकट्याला 240 वॅट पडतात तिथे घोळक्यात 170-180 वर भागतं.

आता सराव. शर्यतीआधी दोन-तीन दिवस रोबोपेसरसोबत फिरा. हा साधारण ठरावीक ताकदीने चालणारा संगणकाचा सायकलस्वार. त्याच्याभोवती कायम गर्दी असते. आपल्याला एकट्याने जेमतेम झेपेल असा निवडा आणि सपाटीवर पडद्यावरच्या स्वतःच्या बाहुल्याकडे बघत राहा. तो ताठ बसून हात वर ठेवून चालवतोय, तर तुम्ही आडोशात आहात. वाकून हँडलच्या खालच्या भागाला धरलं, की वारा तोंडावर आलाच. मग 10-20 वॅट कमी-जास्त करा आणि थोडं थांबा. ट्रेनरचा आकडा पडद्यावर एक-दोन सेकंद उशिरा पोचतो. त्याच्यामागे धावलात तर एकदा पुढे फेकले जाल, एकदा मागे.

शर्यतीच्या दिवशी घड्याळ शून्यावर यायच्या दहा सेकंद आधीच पायडल मारायला लागा. पहिली दोन मिनिटं जीव काढतात. काढू द्या, तेवढ्यात घोळका हातचा गेला तर पुढचा तास एकट्याचा. नंतर पहिल्या दहा-पंधरा जणांत राहा, पण अगदी पुढे नको. पुढचा माणूस सगळ्यांसाठी वारा खातो आणि आभार कोणी मानत नाही.

चढावर वेग पडतो, तसा आडोशाचा फायदाही घटतो. आल्प डू झ्विफ्ट या ॲपमधल्या लांब घाटाच्या 21 वळणांवर ज्याचे त्याचे पाय. पण लहान चढांवर खरी गोची माथ्यावर होते: आपण ‘हुश्श’ म्हणून पाय सैल सोडतो आणि नेमके तेव्हाच पुढचे उतारावर सुटलेले असतात. माथा ओलांडल्यावरही दहा सेकंद जोर ठेवा. माझ्या सुटलेल्या बहुतेक शर्यती तिथेच सुटल्या.

स्टीअरिंगचं प्रकरण त्यामानाने छोटं. ते नसलं तर संगणकच तुम्हाला रांगेत बसवतो, आणि नवशिक्याला ते पुरतं. हँडलला लावायचे प्ले कंट्रोलर किंवा पुढच्या चाकाखाली ठेवायचं स्टर्झो असेल, तर शर्यतीत स्टीअरिंग चालणार आहे का ते आधी बघून घ्या. वळणाच्या आतल्या बाजूने अंतर किंचित वाचतं, मात्र त्या मोहात पुढच्याच्या मागून बाजूला सरकलात तर वाचलेलं सगळं वाऱ्यात जातं. बाकीचे आत वळतायत, तेव्हाच तुम्हीही वळा.

शेवटचा किलोमीटर उरला की हाताशी असलेला पॉवरअप, म्हणजे शर्यतीत मिळणारी काही सेकंदांची खास मदत, तपासा. व्हॅनचं चित्र आडोसा वाढवतं, म्हणून ते घोळक्यात असतानाच वापरायचं. हेल्मेट हवेचा विरोध कमी करतं, ते अगदी शेवटच्या 15 सेकंदांसाठी राखायचं. जोर लावायचा तो पुढच्याच्या मागून, आणि आकडा उशिरा पोचतो हे लक्षात ठेवून, मनात येईल त्याच्या दोन सेकंद आधी.