सांगलीत आईवडील एकटे राहतात? मग या चुका टाळा

मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आणि आईवडील इथं विश्रामबागला फ्लॅटमध्ये किंवा गावभागातल्या जुन्या घरात, हे आता घरोघरी आहे. दोघं स्वतःचं स्वतः करतात तोवर चिंता नसते, पण ते बंद पडतं बऱ्याचदा आपल्याच काळजीपोटी आणि आपल्याला कळतही नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांच्या हातातलं काम काढून घेणं. मुलगा दिवाळीला येतो, "आण्णा तुम्ही बसा, मी बघतो सगळं" म्हणतो, मग भाजी ऑनलाइन, किराणा दारात, लाईट बिल मोबाईलवर. झालं, आण्णांचा जिना उतरणं बंद, मारुती चौकापर्यंतचा फेरा बंद, वाटेत चार ओळखीची माणसं भेटायची तेही बंद. या वयात मांड्यांची ताकद तशीही कमी होत असते, वापरली नाही की भराभर जाते आणि परत मिळवायला महिने लागतात. पिशवी जड होत असेल तर थोडी थोडी भाजी आणू देत, पण आणू देत त्यांनाच. घरच्या घरी एक बघता येतं, खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीनं ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, शेजारी कुणीतरी उभं राहायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात, तेव्हा काठी हातात देऊन मोकळं होऊ नका, फिजिओथेरपिस्टकडं न्या, व्यायामानं खरंच फरक पडतो.

आता पडण्याचं. टाइल्स बदलायला लोक हजारो रुपये घालतात आणि बाथरूममध्ये आई तोल सावरायला धरते ती टॉवेलची दांडी! ती माणसाचं वजन घ्यायला बनवलेलीच नसते, कधी उखडेल सांगता येत नाही. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत ड्रिल मारून पक्का ग्रॅब बार (धरायचा मजबूत दांडा) बसवा, रबरी कपानं चिकटवायचा नको, तो निसटतो. सरकणारं पायपुसणं काढा, झिजलेल्या सपाता टाकून द्या, बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर झिरोचा बल्ब राहू दे. आणि बीपीची गोळी चालू असेल तर रात्री एकदम उठायचं नाही, उभं राहिलं की प्रेशर खाली येऊन चक्कर येऊ शकते, आधी बेडच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं मग उभं राहायचं.

"वय झालं आता" हे वाक्य तर घरात बंदच करा. पाय बधिर पडतात, विसरायला होतं, थकवा येतो, यामागं व्हिटॅमिन बी-१२ची कमतरता असू शकते, शाकाहारी लोकांत आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ती जास्त दिसते, साध्या रक्त तपासणीत कळतं आणि उपचारही आहेत. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर ते म्हातारपण नव्हे, इन्फेक्शन असेल, सोडियम किंवा शुगर कमी झाली असेल, लगेच डॉक्टर गाठा. मोठ्या दवाखान्यांची मिरज इतकी जवळ असताना "बघू सोमवारी" कशाला?

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणणं हेही थांबवा, बीपी-शुगरवाल्यांच्या किडनीवर त्याचा ताण येतो.

पैशाचं म्हणाल तर वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच काढून ठेवा. ७५ पूर्ण झाल्यावर एसटी फुकट आहे, मग जाऊ देत की त्यांना एकटं बहिणीकडं इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर), फोन करून दर अर्ध्या तासाला "कुठं पोचला" विचारू नका.

आणि सांगलीकरांसाठी एक वेगळं. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवतोय ना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी. पूररेषेत घर असेल तर ४० ची वाट न बघता म्हाताऱ्या माणसांना आधी हलवा, पाणी दारात आल्यावर त्यांना बोटीत चढवणं फार अवघड जातं. पण कुठं जायचं हे जूनमध्येच त्यांना विचारून ठरवा, पिशवीत १५ दिवसांच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, जादा चष्मा आणि कानाच्या मशीनचे सेल भरून ठेवा आणि ती पिशवी कुठं ठेवलीय ते शेजारच्यांनाही सांगून ठेवा.